दर चौथ्या सोमवारी

गंगावेशीतला दूध कट्टा कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. संध्याकाळी म्हशी आणायच्या, गिऱ्हाईक समोर उभं असतानाच धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा. आमच्या घरात ही तिसरी पिढी. धार हे काढतात, ग्लास द्यायचं आणि पैशाचं काम माझ्याकडं.

२०२१ च्या उन्हाळ्यात रोजच्या एका गिऱ्हाइकानं ग्लास घेता घेता विचारलं, "वैनी, तोंड का ओ असं लालभडक झालंय?" मी गालाला हात लावला. गाल तव्यासारखे तापले होते. मान आणि छातीचा वरचा भागही तसाच. पाच मिनिटांनी सगळं उतरलं. "चुलीपाशी हुते आत्ता, म्हणून असंल," म्हणाले आणि पुढचा ग्लास भरला.

मग ते रोजचंच झालं. कधी दिवसातून दोनदा, कधी सहादा. तांबडा रस्सा खाल्ला की हमखास, कुणाशी वाद झाला की हमखास. जोडीला जुलाब. सुरुवातीला दोन-तीन, मग आठ-आठ वेळा, रात्रीसुद्धा उठून. कट्ट्यावर उभं राहायचं म्हणजे आधी जवळचा संडास कुठाय ते बघून ठेवायचं, अशी गत. मी ४८ वर्षांची होते. ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, पाळी जायचं वय आहे. जुलाबाला वेगळं उत्तर मिळालं, आतडं नाजूक झालंय, टेन्शन घेऊ नका. दोन डॉक्टर, दोन तक्रारी, दोन गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग. या दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या आहेत हे कुणी लक्षात घेतलं नाही, आणि खरं तर मीही नाही. अंग तापलं की ह्या डॉक्टरकडं आणि पोट बिघडलं की त्या डॉक्टरकडं, असं मीच वाटून टाकलं होतं.

दीड वर्ष असं गेलं. शेवटी २०२२ च्या दिवाळीनंतर पोटात कळ आली म्हणून सोनोग्राफी केली, तर लिव्हरमध्ये पाच-सहा ठिपके. त्या वेळी ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनी फाईल मिटून ठेवली आणि मला एकच प्रश्न विचारला, "तोंड लाल होतं तेव्हा घाम येतो का?"

मी आठवून बघितलं. घाम येत नव्हता. एवढं तापायचं, पण कोरडंच.

"पाळीच्या वयातली आग आली की बाई घामानं भिजते," त्या म्हणाल्या. "कोरडी लाली आणि सोबत जुलाब असेल तर मला दुसरं काहीतरी बघायला हवं." हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण एवढा एकच प्रश्न दीड वर्ष आधी कुणी विचारला असता तर, असं मला अजून वाटतं.

बायोप्सी झाली. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींचा कॅन्सर. ग्रेड १, केआय-६७ नावाचा आकडा २ टक्के. हा आकडा म्हणजे गाठीतल्या शंभर पेशींपैकी किती पेशी वाढीच्या कामाला लागल्यात त्याचा हिशेब. ३ टक्क्यांच्या खाली पहिला ग्रेड, ३ ते २० दुसरा, त्यावर तिसरा. मूळ गाठ लहान आतड्याच्या शेवटाला, तिथून लिव्हरमध्ये गेलेली. या पेशी सेरोटोनिनसारखी रसायनं रक्तात सोडत होत्या. त्यातूनच ती लाली आणि ते जुलाब.

नाव ऐकून धाकटा भाऊ म्हणाला, "म्हंजे इरफान खानला झालेला तो?" २०१८ च्या मार्चमध्ये त्यांनी स्वतःच हा आजार जाहीर केला होता आणि २०२० च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्यामुळं घरात एकदम शांतता. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, देवघरापुढनं उठेचनात. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं की नाव एकच असलं तरी वागणं वेगवेगळं असतं. ग्रेड कुठला, सुरुवात कुठं झाली, किती पसरलाय, यावर सगळं ठरतं. १९०७ साली ओबर्नडॉर्फर नावाच्या जर्मन डॉक्टरनं या गाठींना 'कार्सिनॉइड' म्हणजे कॅन्सरसारखा असं नाव दिलं, तेही त्या सावकाश वाढताना दिसल्या म्हणून. सावकाश म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे मात्र त्यांनी त्याच वाक्यात जोडलं.

मग तपासण्या. हृदयाचा इको, कारण ही रसायनं उजव्या बाजूच्या झडपा जाड करतात. माझ्या झडपा ठीक निघाल्या. २४ तासांची लघवी एका डब्यात साठवायची होती, त्यात आधीच आम्ल घातलेलं असतं, हाताला लागू द्यायचं नाही. त्याच्या आधीपासून तीन दिवस केळी, टोमॅटो, वांगं, अननस, अक्रोड बंद, कारण त्यांनी तपासणीचा आकडा उगाच वाढतो. आणि नेमकं त्याच आठवड्यात घरी सत्यनारायण. केळी घातलेला प्रसाद मी नुसता कपाळाला लावून ठेवून दिला, तर आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रक्तातल्या क्रोमोग्रॅनिन ए, म्हणजे अशा गाठी रक्तात सोडतात त्या प्रथिनाच्या तपासणीत पहिल्यांदा इतका मोठा आकडा आला की ह्यांचं अवसानच गळालं. नंतर कळलं, मी रोज सकाळी पित्ताची पँटोप्राझोल घेत होते आणि त्या गोळीनं तो आकडा उगाच वाढतो. डॉक्टरीणबाईंनी गोळी थांबवून दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं. आकडा जास्तच होता, पण पहिल्याच्या निम्माही नव्हता. तुमच्या घरी कुणाची ही तपासणी असेल तर पित्ताच्या गोळीचं आधी सांगा. ती सगळ्यांच्या घरात असते आणि औषधात कुणी धरतच नाही.

गॅलियम पेट स्कॅनला पुण्याला जाऊन आलो. या स्कॅनमध्ये सोडलेलं द्रव्य गाठीवरच्या ज्या कुलपांना जाऊन चिकटतं, त्याच कुलपांत पुढं आपलं औषध बसतं. माझ्या गाठी स्कॅनवर दिव्यासारख्या उजळल्या होत्या. बघून माझ्या पोटात गोळा आला, पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. "उजळल्या म्हणजे कुलपं आहेत. औषधाला धरायला जागा आहे."

औषधाचं नाव ऑक्ट्रिओटाइड. माझी थोरली बी. फार्म. करतेय. तिनं मला जेवणाच्या ताटावर बसून सांगितलेलं अजून लक्षात आहे. आपल्या शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचं एक संप्रेरक असतं, ते बाकीच्या संप्रेरकांना आवर घालतं. १९७३ साली ते अमेरिकेत शोधलं गेलं. पण रक्तात गेलं की दोन-तीन मिनिटांत संपतं, त्यामुळं औषध म्हणून उपयोग होईना. मग १९८० च्या दशकात त्याच्यासारखंच पण टिकाऊ बनवलेलं ऑक्ट्रिओटाइड आलं. तेही दीडेक तासात निम्मं होतं. म्हणून पुढं ते बारीक बारीक कणांत कोंडलं. विरघळणाऱ्या टाक्यांचा जो धागा असतो, त्याच जातीच्या पदार्थाचे कण. ते दंडात नाही, कुल्ल्याच्या स्नायूत ठेवायचे आणि त्यातून महिनाभर औषध झिरपत राहतं.

आधी रोजचं साधं इंजेक्शन, दिवसातून तीनदा, पोटाच्या कातडीखाली, १०० मायक्रोग्रॅम. थोरलीनं टोचायला शिकून घेतलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कट्ट्यावरून घरी आले आणि जेवताना एकाएकी लक्षात आलं की आज तोंड एकदाही तापलं नाही. जुलाब आठाचे तीन झाले. त्या रात्री मी दीड वर्षांनी सलग झोपले.

९ जानेवारी २०२३, सोमवार. महिन्याचं पहिलं इंजेक्शन, ३० मिलिग्रॅम. कणांमधून औषध नीट झिरपायला लागेपर्यंत दोन आठवडे रोजचंही चालू ठेवलं. हे इंजेक्शन दर २८ दिवसांनी घ्यायचं. २८ ला ७ नं पूर्ण भाग जातो, म्हणून वार कधी बदलत नाही. तेव्हापासून आमचा चौथा सोमवार ठरलेला. एक हिशेब मात्र आमचा सुरुवातीला चुकला. ह्यांनी वर्षाला बारा इंजेक्शनं धरून पैसे बाजूला काढले होते. वर्षात २८ दिवस तेरा वेळा बसतात. पहिल्या तीन इंजेक्शनांत एक दुभती म्हैस गेली होती, तेव्हा तेरावं इंजेक्शन म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळतं. पुढं दुसऱ्या कंपनीचं त्याच औषधाचं स्वस्त इंजेक्शन डॉक्टरीणबाईंना विचारून सुरू केलं, तेव्हा जरा दम आला.

आता तिसऱ्या इंजेक्शनाचं सांगते. ६ मार्च २०२३, होळीचा दिवस. नेहमीच्या ठिकाणच्या सिस्टर रजेवर, म्हणून आम्ही दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. बर्फाच्या डब्यातून बाटली काढली, तशीच गारठलेली. पावडरीत पाणी सोडलं, लगेच खळाखळा हलवलं, सिरिंजमध्ये ओढलं. मला टोचल्यावर मधेच सुई तुंबली. ओढलं, ढकललं, पुन्हा दुसरी सुई लावली. शेवटी सिरिंजच्या काचेला पांढऱ्या गुठळ्या चिकटलेल्या मी स्वतः बघितल्या. "गेलं बहुतेक सगळं," असं म्हणून त्यांनी कापूस दाबला. गेलं नव्हतं. १९ व्या दिवशी, रंगपंचमी होऊन गेली होती, कट्ट्यावर तोंड तापलं. मग जुलाब. पुढचं इंजेक्शन येईपर्यंत पुन्हा रोजचं टोचून घ्यावं लागलं. एवढं महागाचं औषध काचेला चिकटून कचऱ्यात गेलं याचा राग मला आजही येतो. त्या मुलीवर नाही, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. डब्यात सूचनांची एवढी मोठी घडी असते, ती उघडून वाचायला कुणाला वेळ नव्हता, याचा येतो.

त्यानंतर ह्यांनी ती घडी थोरलीकडून वाचून घेतली, दोनदा. जन्मभर दूध सांभाळलेला माणूस. गार कधी, कोमट कधी, ढवळायचं कसं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. आता आमच्या घरची रीत अशी. औषध फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याजवळ तर नाहीच. शेजारी दुधाचा तापमापक, २ ते ८ च्या मध्ये काटा हवा. सोमवारी सकाळी टोचायच्या आधी किमान अर्धा तास डबा बाहेर काढून ठेवायचा, सगळं खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. दवाखान्यात सिस्टरनी पाणी सोडलं की बाटली पाच मिनिटं टेबलावर तशीच. हात लावायचा नाही. पावडर तळापर्यंत भिजली पाहिजे. मग सूचनेत लिहिलंय तसं हलवायचं, आणि एकसारखं दुधी झालं की क्षणभरही न थांबता टोचायचं, कारण थांबलं की खाली बसतं. एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. आताच्या सिस्टर मायाळू आहेत. पहिल्यांदा ह्यांनी घड्याळ धरून "पाच मिनटं हुईना झालीत अजून" म्हटलं तेव्हा त्यांना जरा वेगळं वाटलं. आता त्याच म्हणतात, "दादा, वेळ लावा."

सहा महिन्यांनी स्कॅन. रिपोर्टमध्ये एकच शब्द, 'स्टेबल'. गाठी होत्या तेवढ्याच. घरी आल्यावर आत्यांनी विचारलं, "एवढी इंजेक्शनं घेतली, मग कमी का न्हाई झाली?" माझ्याही मनात तेच होतं. एवढा खर्च, एवढी टोचणी, आणि गाठ जागच्या जागी? थोरलीनं तेव्हा आम्हाला जर्मनीतल्या एका अभ्यासाचं सांगितलं, २००९ सालचा, प्रोमिड नावाचा. लहान आतड्याच्या अशाच ८५ पेशंटांपैकी काहींना हे इंजेक्शन दिलं, काहींना नुसतं बिनऔषधाचं. बिनऔषधाच्या पेशंटांत आजार पुढं सरकायला मध्यावर धरलं तर ६ महिने लागले, औषधाच्या पेशंटांत १४.३ महिने. म्हणजे हे औषध गाठ वितळवायला आलेलंच नाही. ते तिला दावणीला बांधून ठेवतं. "आत्या, म्हशीला मारायचं न्हाई, दाव्याला बांधायचं," मी म्हणाले. आत्यांना तेव्हा पटलं, आणि बोलता बोलता मलाही.

त्रास काहीच नाही असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून संडास तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारा. मला वाटलं आजार वाढला. तो आजाराचा जुलाब नव्हताच, औषधानं स्वादुपिंडाचे रस कमी होतात आणि फॅट पचत नाही, तो होता. त्याच्यावर एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणानंतर नाही, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. आधी मी जेवून झाल्यावर घेत होते, काही उपयोग होत नव्हता. वेळ बदलली आणि आठवड्यात फरक पडला. साखर थोडी वर चढली. पित्ताशयात बारीक खडे झालेत, सोनोग्राफीत त्यांच्यावर लक्ष आहे. बी १२ कमी निघालं. टोचलेल्या जागी दोन-तीन दिवस गाठ लागते, त्या दिवसांत कट्ट्यावर स्टूल घेऊन बसते.

आणखी एक, दाढ काढायच्या वेळी कळलं. दातांच्या भुलीच्या इंजेक्शनात बरेचदा अॅड्रिनॅलिन असतं आणि आमच्यासारख्यांना त्यानं एकदम जोराची लाली येऊन रक्तदाब खालीवर होऊ शकतो. मोठ्या ऑपरेशनआधी तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगून ऑक्ट्रिओटाइड हाताशी ठेवावं लागतं. माझ्या पर्समध्ये आता आजाराचं नाव, औषध, डोस आणि शेवटच्या इंजेक्शनाची तारीख लिहिलेला कागद कायम असतो.

ओपीडीच्या बाकावर तासन्‌तास बसून माणसं ओळखीची झालीत. निपाणीचे एक गुरुजी आहेत, त्यांचा आजार स्वादुपिंडातला. ते एव्हरोलिमसची गोळी घेतात. तोंड इतकं यायचं की भाकरी दुधात कुस्करून गिळायचे. कोमट मिठाच्या गुळण्या आणि डॉक्टरांनी दिलेलं चुळा भरायचं औषध यांनी आता पुष्कळ बरं आहे, साखरेवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. जयसिंगपूरचा एक पोरगा, माझ्या धाकट्याच्या वयाचा. त्याच्या गाठी वेगानं वाढणाऱ्या, म्हणून त्याला दोन गोळ्यांची केमो. कॅपेसिटाबिन १४ दिवस, त्यातल्या शेवटच्या पाच दिवसांत टेमोझोलोमाइडही, आणि मग १४ दिवस सुट्टी. त्याचंही गणित २८ चंच. त्याच्या गाठी मात्र खरंच लहान झाल्या. स्कॅनचा कागद त्यानं बाकावरच्या सगळ्यांना दाखवला होता.

गडहिंग्लजच्या एक काकू माझ्यासारखंच इंजेक्शन चार वर्षं घेत होत्या, मग गाठी वाढायला लागल्या. त्यांनी मुंबईला जाऊन ल्युटेशियम घेतलं. त्याच कुलपात बसणारं औषध, पण त्याला किरणोत्सारी ल्युटेशियम जोडलेलं. आठ-आठ आठवड्यांनी चार वेळा. दर वेळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं जायचं, किडनी सांभाळायला अमिनो आम्लाची बाटली लावतात, त्यानं मळमळ फार होते. आल्यावर काही दिवस नातवाला मांडीवर घ्यायचं नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटायचं. हे ल्युटेशियम आपल्याकडं ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं, हे त्या प्रत्येकाला सांगतात. माझं इंजेक्शन एक दिवस पुरेनासं झालं तर पुढचा पर्याय हाच, असं डॉक्टरीणबाईंनी मला सांगून ठेवलंय. मी तो मनात एका कोपऱ्यात ठेवलाय, सारखा काढून बघत नाही.

१० नोव्हेंबर २०२५ ला ३८ वं इंजेक्शन होतं. हा दिवस जगभर याच आजाराच्या जागृतीसाठी पाळतात, हे मला दवाखान्यातल्या भिंतीवरच्या झेब्र्याच्या चित्रावरून कळलं. टापांचा आवाज आला की सगळे घोडा म्हणतात, पण कधी कधी तो झेब्रा असतो, म्हणून हे चित्र. आमच्यासाठी तो अंबाबाईच्या किरणोत्सवाचा मधला दिवस. टोचून घेऊन मी स्टुलावर न बसता तशीच दुखऱ्या पायानं महाद्वारात जाऊन उभी राहिले. गर्दीत शेजारच्या बाईचा चेहरा एकदम लाल झाला, ती पदरानं वारा घ्यायला लागली. मी न राहवून विचारलं, "ताई, घाम येतोय का ओ?" तिनं कपाळावरचा घाम पुसून दाखवला आणि हसली. मला इतकं हायसं वाटलं.

परवा, २ फेब्रुवारीला, ४१ वं झालं. डावीकडं. सिस्टर बाटली टेबलावर ठेवून खिडकीपाशी गेल्या, हे मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसले, मी पालथी पडून म्हशींना पेंड किती उरलीय त्याचा हिशेब करत होते. पाच मिनिटं झाल्यावर ह्यांनी नुसतं "हं" म्हटलं. सिस्टरनी बाटली उजेडात धरली, आतलं पांढरं एकसारखं होतं. पुढचं २ मार्चला, उजवीकडं.